देगावचा प्लांट पास झाला, तर सीना पास होते का?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. मोटार सुरू होते, आवाज करते, पण पाणी उचलत नाही. मामांची शेती सीनेच्या काठाला, सोलापूरच्या खालच्या अंगाला आहे. रविवारी गेलो. फुटव्हॉल्व वर ओढून काढला तर जाळीला जलपर्णीची मुळं केसांच्या गुंत्यासारखी गुंडाळलेली. दोघांनी विळ्यानं कापून काढली. बंधाऱ्यामागं पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार, मधूनमधून जांभळी फुलं. लांबून फोटो काढला तर छान येईल असं दृश्य.

"शहरात एवढा मोठा प्लांट झालाय म्हणतात," मामा म्हणाले. "मग हे काय यायलंय?"

मी चटकन बोलून गेलो, "प्लांट नीट चालत नसंल, दुसरं काय."

परत येताना वडकबाळच्या पुलावर गाडी थांबवली आणि खाली बघत उभा राहिलो. माझं उत्तर सोपं होतं, कुणालाही पटेल असं होतं, आणि मी ते काहीही न तपासता दिलं होतं. म्हणून ठरवलं की उलट बाजूनं विचार करायचा. समजा, देगावचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास, अगदी नियमाबरहुकूम चालतो आहे. वीज जात नाही, पंप जळत नाही, तपासणीत दर वेळी पास. तर मग मामांच्या बंधाऱ्यात एप्रिलमध्ये काय दिसेल? या प्रकरणात तेवढाच एक प्रश्न घेतला आहे. प्लांट प्रत्यक्षात कसा चालतो हा मुद्दा मुद्दाम बाजूला ठेवला आहे.

कागदावरचा हिशेब

शहराचे तीन प्रकल्प आहेत. देगावचा दिवसाला ७५ दशलक्ष लिटरचा, म्हणजे ७५ एमएलडी. प्रतापनगरचा १५ आणि कुमठ्याचा १२. बेरीज १०२. आता २०११ च्या जनगणनेची साडेनऊ लाख लोकसंख्या घ्या. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं मानतात. गुणाकार केला की १०३ एमएलडीच्या आसपास उत्तर येतं. हिशेब इतका चपखल बसतो की थोडी शंकाच यावी. २०११ नंतर शहर वाढलं आहे हे सोडून देऊ. तरी देशाच्या मानाने आपण कागदावर पुढे आहोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होतं, उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३५ एमएलडीवर.

देगावचा प्लांट पूर्ण क्षमतेने चालला तर नदीतून काय वाचवतो? घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरू. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस नमुना ठेवून मोजतात. हे २०० चं प्रमाण प्लांटने २० वर आणलं, तर ७५ एमएलडीमागे रोज साडेतेरा टन प्राणवायूची मागणी नदीवर पडायची वाचते. हे काम लहान नाही. प्लांटला नावं ठेवण्याआधी, तो नसता तर काय झालं असतं याचा विचार करावा.

तरीही नदी सुधारत नाही, कारण तिची परीक्षा वेगळ्या पुस्तकावर होते.

१९१२ चा नियम, एप्रिलची सीना

सांडपाणी नदीत सोडताना बीओडी २० आणि गाळ ३० ठेवा, हा जगभर पसरलेला नियम इंग्लंडच्या एका शाही आयोगाने १९१२ मध्ये घालून दिला. त्याची अट मात्र पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेली. आयोगाने धरलं होतं की एक भाग सांडपाण्याला नदीत किमान आठ भाग स्वच्छ पाणी मिळेल. स्वच्छ नदीचा बीओडी २ धरा. आठ दुणे सोळा, अधिक वीस, छत्तीस. नवाने भागले की चार. चारच्या वर गेलं की नदीचा त्रास सुरू होतो, असं आयोगाचं मत होतं. म्हणून २०. हा आकडा इंग्लंडच्या पावसात भिजून निघालेला आहे.

आपल्या देशात ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने पुण्या-मुंबईसारख्या महानगरांना आणि काही अपवाद वगळता राज्यांच्या राजधान्यांना २० ची मर्यादा घातली आणि बाकीच्या शहरांना ३० ची. सोलापूर बाकीच्यांत. म्हणजे ३० पर्यंत पास. आठपट पाणी मिळालं तरी ३० चं उत्तर पाचच्या वर जातं, आणि आंघोळीलायक नदीला बीओडी ३ च्या आत हवा.

पण आठपट पाणी आणायचं कुठून? एप्रिलमध्ये लांबोटीच्या पुलावरून पाहा. भीमा-सीना बोगद्यातून उजनीचं पाणी सोडलेलं असेल तेवढे दिवस नदी वाहते. एरवी डोह, वाळू, बाभळी आणि ज्या बंधाऱ्यात उरलं असेल तेवढं पाणी. शहराच्या वर नदीच नाही, तर तिच्यात मिसळायचं काय? देगावच्या बाजूने येणारं पाणी हेच खालच्या सीनेचं पाणी. प्लांटमधून निघाला तो आकडा, नदीचा आकडाही तोच.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं उलगडतं. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यात 'सीना, सोलापूर ते बंकलगी' हा पट्टा आहे. पट्ट्यांचे पाच वर्ग बीओडीवरून पाडतात: ३ ते ६ असेल तर पाचवा, ६ ते १० चौथा, १० ते २० तिसरा, २० ते ३० दुसरा, त्याच्या वर पहिला, म्हणजे सगळ्यात वाईट. आता सोलापूरच्या प्लांटमधून नियमाप्रमाणे २८ चं पाणी बाहेर पडलं आणि नदी कोरडी असली, तर प्लांट पास आणि त्याच पाण्यामुळे नदी दुसऱ्या वर्गात. दोन्ही नियम सरकारचेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मर्यादा १० वर आणायला सांगितलं. तेवढं साधलं तरी कोरडी सीना यादीतून बाहेर पडत नाही, फक्त कमी वाईट वर्गात येते.

मला वाटायचं की यादीत नाव म्हणजे कुणाची तरी चोरी पकडली गेली. तसं असेलही. पण चोरी नसली तरी नाव येणारच होतं.

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय उरतं

आता जलपर्णीकडे. प्लांटमध्ये हवा फुंकून जिवाणू वाढवतात, ते घाण खातात, मग त्यांचा गाळ खाली बसू देतात आणि वरचं निवळ पाणी सोडतात. पाणी खरोखर निवळ दिसतं, ग्लासात घेतलं तर कुणाला शंका येणार नाही. पण जिवाणू खातात तो मुख्यतः सेंद्रिय कर्ब. नत्र आणि स्फुरद काढायचा तर टाक्यांची रचना त्यासाठी वेगळी करावी लागते. ती नसेल तर ते पुष्कळसे तसेच पुढे जातात. २०१७ च्या अधिसूचनेत नत्र-स्फुरदाला मर्यादाच नाही, लवादाच्या आदेशात आहे.

निघणाऱ्या पाण्यात लिटरला फक्त ५ मिलिग्रॅम स्फुरद राहिला असं धरा. ७५ एमएलडीमागे रोज पावणेचारशे किलो. मामा उसाला डीएपी टाकतात तेव्हा पोत्याचा भाव दोनदा विचारतात. इथे नदीला रोज फुकट खत मिळतंय, आणि ते खाणारं पीक म्हणजे जलपर्णी. गंमत अशी की प्लांट जितका चांगला चालेल तितकं पाणी स्वच्छ, तितका ऊन आत जाणार, आणि जिथे जलपर्णी नाही तिथे शेवाळ फोफावणार. उजनीच्या फुगवट्यात हेच आपण वर्षानुवर्षे पाहतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी तिथे येऊन मुरतं, आणि तेच धरण आपल्या नळाला पाणी देतं. पुण्यावर बोलायला सोलापूरकराला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण पुण्याच्या खाली आपण, तसं आपल्या खाली मामांचं गाव. हे मला फुटव्हॉल्व साफ करताना पहिल्यांदा नीट उमगलं.

नत्राची गोष्ट आणखी वाईट. सांडपाण्यातला अमोनिया प्लांटमध्ये नायट्रेट झाला नाही, तर ते काम नदीत होतं आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू नदीतून ओढला जातो. एक किलो अमोनिया-नत्रामागे साडेचार किलोहून जास्त. लिटरला ३० मिलिग्रॅम नत्र राहिलं असेल तर ती १३७ मिलिग्रॅमची उधारी झाली. बीओडीच्या तीन दिवसांच्या चाचणीत ती बहुतेक वेळा दिसतही नाही, कारण हे जिवाणू संथ, त्यांना वेळ लागतो. म्हणजे अहवालात १८, आणि नदीच्या वहीत त्याच्या कितीतरी पट. सोलापूरच्या उन्हात हे जिवाणू प्लांटमध्ये छान काम करतात. त्यांना फक्त हवा हवी. हवा म्हणजे ब्लोअर, ब्लोअर म्हणजे वीज, आणि अशा प्लांटचं निम्म्याहून जास्त वीजबिल हवेवरच जातं. बिल कमी करायचं म्हटलं की कुठल्याही शहरात पहिला हात तिथेच पडतो.

त्यात आपला उन्हाळा. २० अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. गरज वाढते तेव्हाच साठा कमी होतो. आणि वाहत्या नदीला दगडांवरून आपटत पुढे जाताना हवा मिळते, तीही इथे मिळत नाही, कारण पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणारी दारं, टाकले जातात. नदीचे मग एकामागून एक संथ तलाव होतात. वरून जलपर्णीची सतरंजी, खाली गाळ. जूनमध्ये पहिला मोठा लोंढा येतो, बर्गे निघतात, वर्षभराचा गाळ ढवळला जातो आणि एका रात्रीत मासे वर येतात. गावात लगेच "कुणीतरी केमिकल सोडलं" अशी हाक उठते. कधी ते खरंही असतं. पण केमिकल न सोडताही हे होऊ शकतं. या सगळ्यातून तगून राहणारा मासा म्हणजे चिलापी. मामांच्या लहानपणीच्या माशांची नावं मी विचारली तर त्यांनी सहा-सात सांगितली. आता जाळ्यात काय येतं विचारल्यावर एकच.

पाण्याची पाळी आणि तुंबलेलं चेंबर

इथवर धरलं की शहराचं सगळं सांडपाणी देगावला पोचतं. ते कसं पोचतं हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सोलापूरची एक खास अडचण आहे जिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

गटाराचा पाइप स्वतःला धुऊन काढतो तो वेगामुळे. सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेगाने पाणी वाहिलं तर वाळू-गाळ बसत नाही. हे गणित रोज पाणी येणाऱ्या शहराचं आहे. आपल्याकडे चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाळी येते. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी धुणी, अंगण, हौद, गाड्या, सगळं एकदम. पाइप भरून वाहतो. मग चार दिवस बॅरलमधल्या पाण्यावर काटकसर. तेव्हा गल्लीतल्या पाइपातून घट्ट, थोडं, सरपटणारं सांडपाणी जातं आणि गाळ तिथेच बसतो. एकूण शहराचा आकडा रोज सारखाच दिसतो, कारण आज आपली पाळी तर उद्या दुसऱ्या भागाची. पण गल्लीचा पाइप सरासरीवर जगत नाही. चेंबर तुंबतं, मग कुणीतरी वैतागून वाट काढून देतं, आणि ती वाट जवळच्या नाल्यात जाते.

१९९२ च्या हद्दवाढीनंतर शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं. हद्दवाढ भागातल्या गुंठेवारीच्या प्लॉटांवर आधी घरं झाली, मग रस्ते, आणि ड्रेनेज सगळ्यात शेवटी. तोवर प्रत्येकाची सेफ्टी टँक, आणि तिचं वरचं पाणी उघड्या गटारात. शिवाय कपड्याचं शहर म्हटल्यावर रंगाचं पाणी आलंच. चादरी आणि टॉवेल हे आपलं नाव, पण रिॲक्टिव्ह रंग जिवाणूंना फारसे पचत नाहीत आणि रंगवताना घातलेलं मीठ तर मुळीच नाही. ते प्लांटमधून जसंच्या तसं निघतं आणि काळ्या रानात साचतं. रंगाचं पाणी घरगुती ड्रेनेजमध्ये येऊच न देणं, एवढाच त्यावर उपाय आहे.

एक टीएमसी कुणाची?

दिवसाला ७५ एमएलडी म्हणजे सेकंदाला साधारण ८६८ लिटर. शेतातली मोटार सेकंदाला दहा लिटर उचलते असं धरलं तर एका वेळी ८६ मोटारी. वर्षभराचा हिशेब जवळजवळ एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. सोलापूरच्या माणसाला टीएमसी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शहराच्या पिण्यासाठी उजनीतून भीमेत सोडलं की एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी लागते आणि औज बंधाऱ्यात पोचेपर्यंत वाळू, ऊन आणि मोटारी आपापला वाटा घेतात. त्या मानाने ही एक टीएमसी दुष्काळातही न चुकता येते. जिल्ह्यात इतकी भरवशाची दुसरी नदी नाही.

म्हणून तिच्यावर डोळे आहेत. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणानुसार प्रक्रिया प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने तिथलं पाणी वापरलं पाहिजे. फताटेवाडीचं एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र त्या अंतरात बसतं. विचार चांगलाच आहे. कूलिंग टॉवरला उजनीचं गोडं पाणी कशाला? तेवढं पाणी शहराला मिळेल. मी स्वतः हा मुद्दा चारचौघांत मोठ्या हिरिरीने मांडला आहे.

मामांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे घाणबी बंद आणि पाणीबी बंद?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शहराचा दावा आहे, वीज केंद्राचा आहे, उचल परवाना असलेल्या-नसलेल्या शेतकऱ्यांचा आहे. या सगळ्यांत नदीच्या वतीने कुणी अर्ज केलेला नाही. एक टीएमसी पूर्ण पाइपात घातली तर सीना यादीतून बाहेर पडेलही, कारण नमुना घ्यायला पाणीच नसेल. उलट सगळी नदीत सोडली तर वरचं सगळं प्रकरण आहेच. माझं मत विचाराल तर आधी नत्र-स्फुरद काढायची सोय करा, मग त्यातला ठरलेला भाग नदीत राहील असं लेखी ठरवा, आणि उरलेल्याचा सौदा करा. हा क्रम उलटा झाला तर तिसरी पायरी पहिल्यांदा होईल आणि पहिल्या दोन कधीच होणार नाहीत.

पहाटेचा नमुना

नदी तपासायची तर पाणी कधी भरता याला महत्त्व आहे. शेवाळाच्या पाण्यात सकाळी अकराला मोजलं तर प्राणवायू भरपूर दिसतो, कारण उन्हात शेवाळ तो सोडत असतं. रात्रभर तेच शेवाळ, जिवाणू, गाळ सगळे तो ओढतात. तळ दिसतो तो पहाटे पाचला. ऑफिसच्या वेळेत गाडी काढून घेतलेले नमुने म्हणूनच नदीची बाजू जरा बरी दाखवतात. त्यात कुणाची लबाडी नसते, ड्युटीच दहाला सुरू होते. लांबोटी वर, वडकबाळ खाली आणि मध्ये देगावच्या बाजूने येणाऱ्या नाल्याच्या मुखाशी, असे तीनच ठिकाणी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पहाटे मोजलं तर दोन वर्षांत या प्रकरणातले निम्मे वाद मिटतील.

प्राणवायूचा नमुना घरी आणेपर्यंत टिकत नाही, रसायनं घालून जागेवरच बांधून ठेवावा लागतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून काचेच्या बुचाच्या बाटल्या आणि दोन रसायनं मागून घेतली. पुढच्या खेपेला मामांना हातमोजे घालायला लावून दाखवलं: बाटली पाण्याखाली बुडवूनच भरायची, बुडबुडा राहता कामा नये, मग ह्याचे थेंब, मग त्याचे, बूच लावून उलटी-सुलटी करायची. तपकिरी साका आला तर पाण्यात हवा आहे. पांढरा आला तर नाही.

"एवढंच?" मामा म्हणाले. "मग मोजायचं काय त्यात?"

"मोजायचं ते मी मोजतो. तुम्ही फक्त पहाटे भरा आणि रंग सांगा."

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी साडेपाचला फोन वाजला. मामी झोपमोड झाल्याबद्दल मागे काहीतरी बोलत होत्या.

"पांढरा आलाय रे," मामा म्हणाले. "दुधासारखा."